पायलटकाकांचे उजवे बूट

पायलटकाका स्टुलावर चढत नसत. लढाईत डोंगरांवरून विमानं नेलेला माणूस, पण दिवाणखान्यातला बल्ब गेला की स्वतः खाली स्टूल धरून उभा राहायचा आणि वर जावयाला चढवायचा. "विमानात पॅराशूट असतं, जावईबापू. स्टुलाला कुठे असतं?" असं वर ऐकवायचा. जावईबापू, म्हणजे आपले बापू, जीव मुठीत धरून बल्ब फिरवायचे आणि मनात म्हणायचे, हा माणूस नक्की कुठल्या लढाईत होता, आणि ती आपण जिंकलो कशी?

बापू विमा कचेरीत हेडक्लार्क होते. दावे विभागात. समोरच्या माणसाला "एक कागद कमी आहे" हे वाक्य न दुखावता कसं सांगावं, यात त्यांची हयात गेली होती, आणि कचेरी कशी चालते हे जगात आपल्याला एकट्यालाच कळतं असा त्यांचा प्रामाणिक समज होता. सासू-सासरे त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहत. त्यामुळे सासऱ्यांचा बल्ब, सासऱ्यांचा नळ आणि सासऱ्यांची आजारपणं ही बापूंची खाती होती. त्यात आणखी एक खातं वाढलं ते इमारतीच्या वार्षिक मेळाव्यामुळे.

त्या मेळाव्यात तिसऱ्या मजल्यावरच्या करसाहेबांचा सत्कार झाला. करसाहेब म्हणजे कर खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. उभ्या नोकरीत कधीही उशिरा न आल्याबद्दल त्यांना खात्याने ढाल दिली होती. ती ढाल त्यांनी टेबलावर ठेवली, आणि वक्तशीरपणावर इतका वेळ बोलले की चहा गार झाला.

घरी परतल्यावर सासूबाई चपला काढता काढता सहज म्हणाल्या, "यांचंही पदक यायचं होतं."

"कुणाचं?" बापूंच्या बायकोने विचारलं.

"तुझ्या बाबांचं. लढाईत जाहीर झालं होतं. मग लढाई संपली. पदक काही आलं नाही."

बायको आईकडे बघतच राहिली. इतकी वर्षं या घरात भाजीच्या भावापासून शेजारणीच्या गुडघ्यापर्यंत सगळ्याची चर्चा झाली होती, आणि हे कुणी बोललंच नव्हतं. पायलटकाका खुर्चीत बसून मोजे काढत होते. ते म्हणाले, "सोडा हो. मागून घेतलं की त्याला पदक म्हणत नाहीत, रेशन म्हणतात."

हे वाक्य ऐकून दुसरा एखादा गप्प बसला असता. पण बापूंच्या अंगात त्या ढालीमुळे वारं संचारलं होतं. ते म्हणाले, "काका, तुम्ही काही मागायचं नाही. मी मागतो. पंधरवड्यात पदक तुमच्या हातात देतो. शेवटी कचेरी म्हणजे काय? कागद!"

बायकोने नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. लग्नानंतर गच्चीवर टाकी स्वतः बसवतो म्हणाले होते, तेव्हाही तिने असंच पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बातमी इमारतभर झाली आणि सल्ले सुरू झाले. करसाहेब म्हणाले, अर्ज तीन प्रतींत करा आणि तिसरी प्रत कुणालाही देऊ नका. ती कशासाठी, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. तळमजल्यावरचे दाताचे डॉक्टर म्हणाले, ओळख लागते, ओळखीशिवाय दातसुद्धा नीट निघत नाही. समोरचा शिंपी सगळ्यात व्यवहारी निघाला. "पदक लावणार कशावर?" त्याने विचारलं. काकांकडे कोटच नव्हता. तेव्हा शिंप्याने काकांची मापं घेतली, आणि अर्ज लिहून व्हायच्या आधी कोट शिवून तयार झाला. छातीवर डावीकडे आतून कॅनव्हासचं अस्तर, पदकाच्या वजनाने कापड लोंबू नये म्हणून. "निदान तीन पदकं तोलेल," शिंपी म्हणाला. "पुढे वाढ झाली तर पुन्हा खर्च नको."

काका कोट घालून आरशासमोर उभे राहिले, मान हलवली आणि कोट कपाटात ठेवून दिला. पण डांबराच्या गोळ्या त्यांनी स्वतः टाकल्या. हे बापूंनी पाहिलं, आणि त्यांना जरा जोर आला.

पदक विभाग एका जुन्या सरकारी इमारतीत होता, भंगार लिलाव विभागाला लागून. दोन्ही विभागांना मिळून एक दार, एक पंखा आणि एक बाक. दारातला शिपाई येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचा, "भंगार की पदक?" बापूंनी मोठ्या रुबाबात "पदक" सांगितलं. शिपायाने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि शेजारच्या माणसाला म्हणाला, "बघून वाटत नाही."

आत टेबलाशी पदकाच्या बाई होत्या. चष्मा दोरीने गळ्यात, समोर फायलींचा डोंगर. त्यांनी अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला, मग उलटून कोरी बाजूही वाचली आणि अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "एक कागद कमी आहे."

 हे बापूंचं वाक्य होतं. आवाजसुद्धा त्यांचाच होता. "साहेबांना भेटता येईल का?" त्यांनी विचारलं.

"साहेब रजेवर आहेत," बाई म्हणाल्या. त्याच वेळी आतल्या खोलीतून कुणीतरी डबा उघडल्याचा आवाज आला. बापूंनी अर्जाची घडी घातली. आपल्या साहेबांच्या खोलीतून असाच आवाज येत असताना त्यांनी हेच वाक्य कितीतरी लोकांना ऐकवलं होतं.

मग सुरू झाल्या खेपा. ओळखीचा दाखला नेला, तर साक्षांकन हवं. साक्षांकन दाताच्या डॉक्टरांनी केलं, तर ते चालेना. बापूंनी चिडून विचारलं, "डॉक्टरांनी काय फक्त दातच साक्षांकित करायचे?" बाई म्हणाल्या, त्याबद्दल स्पष्ट नियम नाही, विचारून सांगते. एकदा बापू चुकून भंगाराच्या रांगेत बसले आणि एका जुन्या जीपवर त्यांची बोली लागता लागता राहिली. पंधरवडा कधीच उलटून गेला. करसाहेब जिन्यात भेटले की नुसते हसायचे. उशीर म्हणजे काय हे त्या माणसाला माहीत नसल्याने ते हसणं बापूंना फारच लागायचं.

शेवटी फाईल सापडली. बाईंनी धूळ झटकली, पानं उलटली आणि त्यांचा चेहरा उजळला. "अहो, हे तर मंजूर आहे! वरपासून खालपर्यंत सह्या आहेत." मग त्यांनी शेवटचं पान पाहिलं आणि चष्मा नाकावर चढवला. "पण स्थगित आहे. बूट प्रकरण निकाली निघेपर्यंत."

"कुठले बूट?"

"उजव्या पायाचे. चौकीवर पाठवलेल्या मालापैकी डावे बूट पोचले, उजवे पोचले नाहीत. सरकारी मालाची हानी. जबाबदार, वैमानिक." बाईंनी फाईल मिटली. "चौकशी चालू आहे."

"लढाई संपून जमाना झाला!"

"म्हणून तर म्हणते, चालू आहे."

बापू घरी आले ते थेट सासऱ्यांच्या खुर्चीसमोर जाऊन उभे राहिले. "काका, बुटांचं काय केलंत?"

पायलटकाकांनी वर्तमानपत्र खाली केलं. एवढ्या वर्षांत प्रथमच त्यांच्या तोंडावर शाळेतल्या पोरासारखा भाव आला. "अजून शोधतायत?" ते म्हणाले. आणि मग, कुणी आग्रह न करता, त्यांनी ते सांगितलं.

डोंगरमाथ्यावर एक चौकी होती. चहूबाजूंनी शत्रूने वेढलेली. रस्ता बंद. पीठ, औषधं, कपडे, सगळं विमानातून टाकावं लागायचं. विमान मालवाहू, त्याला बंदूकबिंदूक काही नाही. एके दिवशी खिंडीत शिरल्यावर उजवं इंजिन बंद पडलं. विमान वर चढेना. समोर डोंगर, खाली दरीत शत्रू. वजन कमी केल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. दाराजवळ जी खोकी होती ती ढकलून दिली. मागे परतता आलं असतं, पण चौकीत जखमी होते आणि औषधं आत विमानात होती. म्हणून तसेच पुढे गेले, उरलेला माल टाकला आणि एका इंजिनावर परत आले.

"आणि दुसऱ्या दिवशी?" बायकोने विचारलं.

"दुसऱ्या दिवशी दुसरं विमान घेऊन गेलो. पीठ संपायचं थांबतं का?"

"पण नेमके उजवे बूटच का?" बापूंना काही केल्या तो बूट सुटत नव्हता.

"चोरी होऊ नये म्हणून भांडारवाले डावे-उजवे वेगळ्या खोक्यांत भरायचे. चौकशीतही मला हेच विचारलं, उजवेच का फेकले? मी म्हटलं, डावे आत होते."

"मग?"

"त्यांना ते उत्तर उद्धट वाटलं."

सासूबाई दारात उभ्या होत्या. हातातल्या फडक्याची त्यांनी कितीदा तरी घडी घातली आणि मोडली. त्यांनाही यातलं फारसं ठाऊक नसावं.

आता बापू हट्टाला पेटले. बुटांची किंमत भरून टाकतो, असं त्यांनी बाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, दरपत्रकात फक्त जोडीची किंमत आहे, सुट्या उजव्या बुटाची नाही. जोडीची भरतो, बापू म्हणाले. मग नियमाप्रमाणे, बाई म्हणाल्या, डावे बूट तुमच्या ताब्यात द्यावे लागतील, आणि ते सैनिकांनी झिजवले, तेव्हा त्यांची वेगळी चौकशी लागेल. बाईंचा सूर मात्र आता मवाळ झाला होता. त्यांनी हळूच सुचवलं, "त्या चौकीवरचा कुणी साक्षीला मिळाला तर बघा ना."

म्हणून बापूंनी वर्तमानपत्रात जाहिरात दिली. लढाईत अमुक चौकीवर असलेल्या आणि विमानातून फक्त डाव्या पायाचे बूट मिळालेल्या सैनिकांनी खालील पत्त्यावर संपर्क साधावा. मजकूर चोख होता, करसाहेबांनीसुद्धा तपासला होता. पण वर्तमानपत्रवाल्यांनी जागा वाचवायला लढाई, विमान आणि सैनिक कापले आणि उरलेलं, 'फक्त डाव्या पायाचे बूट मिळालेल्यांनी खालील पत्त्यावर संपर्क साधावा', एवढंच 'हरवले-सापडले' या मथळ्याखाली छापलं.

त्यानंतरचा आठवडा बापूंच्या बायकोने त्यांना आयुष्यात माफ केला नाही. सकाळी दूधवाल्याच्या आधी बूटवाले यायचे. कुणी एक बूट आणला, कुणी पिशवीभर. एका बाईंनी रबरी गमबूट आणला आणि चहा घेतल्याशिवाय त्या हलल्या नाहीत. एका गृहस्थाने दोन्ही बूट आणले आणि यातला डावा कुठला ते तुम्हीच ठरवा म्हणाला. दारासमोर ढीग साचला. दाताचे डॉक्टर अडखळून पडले, त्यांचा स्वतःचाच दात हलला, आणि ढिगातला एक बूट घालून कुणीतरी आपला तिथेच ठेवून गेलं. करसाहेबांनी इमारतीच्या वतीने बापूंना लेखी नोटीस दिली. तीन प्रतींत.

"पंधरवडा म्हणाला होतात," बायको म्हणाली. बापू बूट गोळा करत राहिले. सरळ वागणाऱ्या माणसाला या जगात जागा नाही, असं त्यांना त्या वाकलेल्या अवस्थेत फार वाटलं.

आठवडा संपताना एक जाडजूड म्हातारा जिना चढून आला. हातात बूट नव्हता, केकचं खोकं होतं. त्याची बेकरी होती. पाव बांधायला घेतलेल्या रद्दीत त्याने ती जाहिरात पाहिली होती, आणि फक्त डावे बूट म्हटल्यावर काय ते ओळखलं होतं. त्याने धापा टाकत विचारलं, "पायलट कोण?"

पायलटकाका खुर्चीतून उठले.

"मी चौकीवर आचारी होतो," म्हातारा म्हणाला. "अख्खा हिवाळा दोन्ही पायांत डावे बूट घालून काढला साहेब. कवायतीला 'डावीकडे वळ' म्हटलं की फटकन वळायचो. 'उजवीकडे' म्हटलं की पाय विचार करायचे."

त्याला बसवलं, पाणी दिलं. तो काकांकडे टक लावून बघत होता. "तुम्हाला कधी पाहिलं नव्हतं. ढगांतून नुसता आवाज यायचा. आम्ही खाली बसून पैजा लावायचो, आज विमान येणार की नाही. पैज सिगारेटींची. मी कायम 'नाही'वर."

"का हो?" सासूबाईंना ते आवडलं नाही.

"असं बघा वहिनी, आलं तर पोटात काहीतरी पडणार. नाही आलं तर निदान सिगारेटी. दोन्हीकडून आपली सोय."

"मग?" काकांनी विचारलं.

"मग काय! सबंध चौकीत माझ्याइतका कफल्लक कुणी नव्हता. एक सिगारेट जिंकू दिली नाहीत तुम्ही."

पायलटकाका मोठ्याने हसले, मग एकदम हसायचे थांबले आणि "चहा टाकतो" म्हणून आत गेले. जन्मात त्यांनी चहा टाकला नव्हता. साखर कुठे असते हेही त्यांना माहीत नव्हतं. बराच वेळ आतून डबे उघडल्या-मिटल्याचा आवाज येत होता. सासूबाई उठल्या नाहीत, आणि लेकीलाही त्यांनी डोळ्यांनीच बसायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बापू, काका आणि बेकरीवाला असे तिघे पदक विभागात गेले. काका प्रथमच आले होते. शिपायाने विचारलं, "भंगार की पदक?" काका म्हणाले, "ते आज ठरेल."

बाईंनी बेकरीवाल्याचा जबाब घ्यायला सुरुवात केली. "विमान ढगात होतं म्हणता. मग एकच इंजिन चालू होतं हे कशावरून?"

"आवाजावरून," बेकरीवाला म्हणाला. "दोन इंजिनं असली की असं," आणि त्याने गाल फुगवून घुमारा काढला. "त्या दिवशी असं." आणि तो खोकल्यासारखा गुरगुरला.

"छे छे," काका म्हणाले. "खोकत नव्हतं. एकसारखं होतं. असं." आणि त्यांनीही आवाज काढला.

"तुम्ही आत होता साहेब, खाली खोकतच यायचं!"

दोन म्हातारे समोरासमोर उभे राहून विमानाचे आवाज काढायला लागले. काकांनी हात पसरून विमान डावीकडे कसं झुकत होतं ते दाखवलं. भंगार विभागातले लोक खुर्च्यांवर चढून बघू लागले. बापूंना धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं असं झालं. इतक्यात आतलं दार उघडलं आणि रजेवर असलेले साहेब, गळ्यात रुमाल आणि हातात चमचा घेऊन, बाहेर आले.

"काय चाललंय?"

बाईंनी फाईल पुढे केली. साहेबांनी ती उभ्या उभ्या वाचली. वाचताना एकदा त्यांचा चमचा थांबला. मग त्यांनी काकांना विचारलं, "बूट टाकलेत, तिथे खाली कोण होतं?"

"शत्रू."

"म्हणजे तुम्ही शत्रूवर बूट फेकलेत."

"तसं नव्हे, वजन कमी करायला..."

"तसंच," साहेब ठामपणे म्हणाले. "शत्रूवर टाकलेला दारूगोळा सरकार परत मागत नाही. बाई, लिहा. उजवे बूट युद्धकार्यात खर्ची पडले. प्रकरण निकाली." त्यांनी तिथेच सही केली, चमचा खिशात घातला आणि काकांना कडक सलाम ठोकला. मग ते पुन्हा रजेवर गेले.

बापूंनी एवढ्या वर्षांत अनेक दावे फेटाळले होते. असा निकाल आपल्याला कधी सुचला नाही, याची खंत त्यांना घरी पोचेपर्यंत पुरली.

समारंभाला पदकवाल्यासोबत एकाच माणसाला आत प्रवेश होता. सासूबाई गेल्या. बापू, ज्यांनी हा सारा डोलारा उभा केला होता, ते बायकोबरोबर बाहेर गाड्यांच्या तळावर, ड्रायव्हर लोकांत उभे राहिले. आतलं सगळं कर्ण्यावरून ऐकू येत होतं. काकांचं वर्णन सुरू झालं. एका इंजिनावर खिंड पार केली. औषधं पोचवली. "आणि उपलब्ध साधनांनिशी शत्रूवर मारा केला."

शेजारचा ड्रायव्हर भारावला. "बॉम्ब टाकले का हो?"

"जवळजवळ," बापू म्हणाले.

परतताना चौघे टॅक्सीत बसले. पदकाची पेटी सासूबाईंच्या मांडीवर होती. वळणावर त्या अचानक म्हणाल्या, "इथे थांबवा." समोर पोस्ट होतं. त्या पेटी घेऊन उतरल्या. काही कळेना म्हणून बाकीचे तिघेही मागोमाग गेले.

वाटपाच्या खिडकीशी पोस्टातला कारकून पाकिटांवर शिक्के मारत होता. मान वर करून त्याने सासूबाईंना पाहिलं आणि रोजच्या सवयीच्या सुरात म्हणाला, "नाही हो आजी, अजून काही आलेलं नाही."

सासूबाईंनी पेटी खिडकीवर ठेवली आणि उघडली. "आलं," त्या म्हणाल्या. "तेच सांगायला थांबले. तुम्हाला उगीच रुखरुख नको."

कारकुनाच्या हातातला शिक्का तसाच राहिला. तो उठून बाहेर आला, शर्टाला हात पुसले आणि पदकाकडे वाकून बघू लागला. मग त्याने आतल्या सगळ्यांना हाका मारल्या, "अहो या, आजींचं आलं!"

पायलटकाका मागे उभे होते. गर्दी ओसरल्यावर ते हळू आवाजात म्हणाले, "तू इथे येऊन विचारत होतीस? इतकी वर्षं?"

"भाजी आणायला जायचेच ना. वाटेत तर आहे."

"आणि मला कधी बोलली नाहीस."

सासूबाईंनी पेटी मिटून पदराखाली घेतली आणि टॅक्सीकडे चालू लागल्या. "तुम्ही तरी कुठे बोललात?" त्या म्हणाल्या.